दिवाळीच्या सुट्टीत लेकरांसोबत: चिपाडाची बैलगाडी आणि काळ्या मातीच्या गवळणी

(समोर टेबलावर कडब्याची चार धाटं, दाभण, सुतळी, खराट्याची काडी)

नमस्कार मंडळी! सुट्ट्या लागल्या, मोबाइल लेकरांच्या हातात गेला. आज तो दोन तास तरी बाजूला राहील. सामान विकत आणायचं नाही, गावातून एक पेंढी कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटं, मिळाला तरी भागतं.

पहिली बैलगाडी. सगळं धाट निवडण्यावर आहे. आत्ता कापलेल्या खरीप ज्वारीचं ओलं धाट घेऊ नका. सोलायला ते सोपं, पण वाळलं की भेंड, म्हणजे आतला मऊ गाभा, आकसतं, टोचलेल्या काड्या सैल होतात आणि दोन दिवसांत गाडी खिळखिळी. मागच्या रब्बीचा कडबा घ्या, तोही गंजीच्या आतला. वरचा पावसानं भिजून काळा पडलेला असतो, त्याचं भेंड बोटानं दाबलं तरी भुगा होतं. जाडी अंगठ्याएवढी हवी.

कापणं आणि सोलणं मोठ्यांनी करायचं. ज्वारीची साल ब्लेडसारखी बोट कापते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको, फ्लॅटमधल्या आई-बाबांना सांगतोय.

(कॅमेरा हातावर)

दोन गाठींमधलं पेर कापा. वरच्या टोकाला नखभर साल उचला आणि 3-4 मिलिमीटर रुंद पट्टी सरळ खाली ओढा. तिरकी ओढली की भेंडाचा लचका निघतो. पांढरं भेंड राहिलं, ती आपली लाकडं. निघालेल्या पट्ट्या टाकू नका, तेच आपले खिळे. 4 सेंटिमीटरचे तुकडे करून एक टोक तिरकं कापा.

आता मापं. 25 सेंटिमीटरच्या दोन दांड्या, या सोलायच्या नाहीत. साल असली तरच वजन पेलतं. 10 सेंटिमीटरची भेंडाची तीन आडवी लाकडं. जू 14 सेंटिमीटरचं, तेही न सोललेलं. दांड्या मागं 8 सेंटिमीटर अंतरावर ठेवा, पुढं एकत्र आणा आणि सुतळीनं जुवाला बांधा. आडवी लाकडं मागच्या भागावर मांडा. दांडीत आधी दाभणानं भोक पाडून घ्या, मग भेंडातून खिळा खाली दाबा. भेंडाच्या कडेपासून दीड सेंटिमीटर आत टोचा. अगदी कडेला टोचलं की भेंड उभं चिरतं. हातोडी नको, बोटानं हळूहळू फिरवत दाबायचं. जुवाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन काड्या खोचल्या की शिवळा झाल्या. लेकरांना विचारा, शिवळ म्हणजे काय? बहुतेकांना माहीत नसतं. बैलाची मान जुवाखाली जागेवर ठेवणारी खुंटी म्हणजे शिवळ.

चाकंच सगळ्यात जास्त बिघडतात. पुठ्ठ्याच्या 7 सेंटिमीटर व्यासाच्या चार चकत्या कापा, दोन-दोन चिकटवा. चिकटवताना पुठ्ठ्याच्या आतल्या रेषा एकमेकींना आडव्या येऊ द्या, म्हणजे चाक वाकत नाही. मध्य डोळ्यानं काढू नका. त्याच मापाची कागदी चकती दोनदा दुमडा, घड्या जिथं छेदतात तिथंच भोक. भोक जरा जरी सरकलं तर गाडी लंगडते.

आस म्हणजे खराट्याची 13 सेंटिमीटरची सरळ काडी. ती थेट भेंडातून घातली तर भोक मोठं होत जातं. म्हणून ज्यूसच्या डब्याची नळी 8 सेंटिमीटर कापा, दांड्यांच्या खाली, मागच्या टोकापासून 6 सेंटिमीटरवर दोऱ्यानं घट्ट बांधा आणि काडी त्यातून घाला. दोन्ही बाजूंना एकेक मणी, मग चाक. चाक काडीला बाहेरच्या बाजूनं चिकटवायचं. आतून लावलेलं फेविकॉल नळीत उतरलं की चाक कायमचं जाम. रात्रभर वाळू द्या. लेकरं थांबत नाहीत, तेवढ्या वेळात बैल करा.

बैल मातीचे. मातीला हात लावलाच आहे तर गवळणीही करू. आपल्याकडं दिवाळीत दारापुढं शेणाच्या गवळणी, पांडव मांडतात. शेण का, तर त्यातल्या तंतूंनी मूर्ती तडकत नाही. नुसती काळी माती घेतली तर दुसऱ्या दिवशी तिच्या ठिकऱ्या दिसतील. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते, उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याच कारणानं. म्हणून दोन वाट्या चाळलेली माती, एक वाटी बारीक वाळू, मूठभर बारीक भुसा. पाणी थोडं-थोडं, पोळीच्या कणकेइतकं घट्ट. तासभर झाकून ठेवा.

गवळणीचं धड शंकूसारखं, खाली रुंद, उंची बोटभर. डोकं आणि घागर नुसती चिकटवली तर वाळल्यावर गळतात. दोन्ही बाजू काडीनं खरवडून, पाण्याचं बोट फिरवून जोडा, आत खराट्याची काडी घाला. वाळवायचं सावलीत, दोन-तीन दिवस. ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलं की वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात. डोळ्यांना मोहरी किंवा ज्वारीचा दाणा लावा. सीताफळाच्या बिया चमकदार दिसतात, घरोघरी पडलेल्याही असतात, पण लेकरांच्या खेळात त्या नकोत. फुटलेल्या बीची भुकटी डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते.

कंदिलाबद्दल फार बोलत नाही, तो सगळ्यांना येतो. फक्त बाहेरच्या कापलेल्या कागदापेक्षा आतली नळकांडी 3 सेंटिमीटर कमी उंच ठेवा, तरच पोट फुगतं. दोन चमचे मैदा एक कप पाण्यात कालवून, पारदर्शक होईपर्यंत शिजवून खळ करा. जुनी माणसं त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी आहे, लेकरं हाताळणार असतील तर घालू नका, दोन दिवसांत खळ संपवा. पतंगी कागदाला ती पातळच लावा, जाड थरानं कागद सुरकुततो. आत एलईडी दिवा, पणती नाही.

(गाडी ढकलून दाखवा)

सकाळी चाक फिरलं नाही तर मणी थोडा बाजूला सरकवून नळीचं तोंड बघा. फेविकॉल शिरलं असेल तर सुईनं खरवडू नका, नळी फाटते. दोरा कापा, नवी नळी बांधा, पाच मिनिटांचं काम.