मॉलला हरकत कधी घ्यायची? जनसुनावणीची वाट बघत बसू नका!

नमस्कार मंडळी! "गावाबाहेर बायपासला मॉल येतोय, हरकत कशी घ्यायची?" हे इतक्या जणांनी विचारलंय की आज बसलोच बोलायला.

नुकसान काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शेतावर डांबर, ओढा पाइपात, बस नाही म्हणून जो तो गाडी काढणार. चला पुढे.

खरी गोची इथे आहे. सगळे म्हणतात, "जनसुनावणी लागली की बोलू." अहो, ती लागणारच नाही! 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यात तळघरातलं पार्किंगही मोजतात. पण 2006 च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणावरचे परिणाम तपासण्याच्या अधिसूचनेनं इमारतींचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळलेत. मोठ्या खाणीला सुनावणी, मॉलला नाही.

मी स्वतः यात फसलोय. आमच्या भागात दीडशे सह्या गोळा केल्या, फाइल काखोटीला मारून तारखेची वाट बघत बसलो. एके सकाळी दूध आणायला गेलो, तर शेतात पोकलेन उभा!

मग बोलायचं कधी? जमिनीचा झोन, म्हणजे ती कशासाठी वापरायची ते, बदलतो तेव्हा. शेती विभागाचा वाणिज्य करायचा, तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966, कलम 37 खाली विकास आराखड्यात फेरबदलाची नोटीस निघते. शहराच्या आराखड्याबाहेरचं, प्रादेशिक योजनेतलं गाव असेल तर कलम 20. कलम 37 ला हरकतीसाठी एक महिना मिळतो. नोटीस कुठे असते? पेपरात, निविदांच्या शेजारी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. म्हणून परत सांगतो, सुनावणीची नाही, नोटिशीची वाट बघा.

एक दादा कमेंटमध्ये म्हणतात, "तुम्ही विकासाच्या आड येताय, पोरांना रोजगार मिळेल." मिळू दे की! एसटी थांबते तिथे काढा म्हणावं मॉल. रात्री दहाला सुटणारी सेल्सगर्ल बायपासवरून घरी जाणार कशी? इंग्लंडमध्ये 1996 पासून दुकानदारीसाठी आधी शहराच्या मध्यात जागा शोधा, मग कडेला, तिथेही नसेल तर बाहेर, असं धोरण आहे.

आणि हात जोडून सांगतो, हरकतीत "पार्किंग अपुरं आहे" असं लिहू नका. बिल्डर आनंदानं आणखी एक तळघर काढून देतो, म्हणजे आणखी गाड्या! त्यापेक्षा बसथांबा किती मीटरवर आहे, शेवटची बस किती वाजता, चालायला फुटपाथ आहे का, पावसाचं पाणी कुठल्या ओढ्यात जाणार, हे मोजून लिहा.

पर्यावरण मंजुरी आधीच मिळाली असेल, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करता येतं. मुदत 30 दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60. अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. "साहेब जेवायला गेलेत" म्हणाले तर तिथेच बसा.