साचा आपल्याकडे, ड्रॉइंग त्यांच्याकडे

मंडळी, येताना पिशवीत एक वस्तू घालून आणलीय. हा धोटा, मागावर आडवं सूत नेणारा. माझे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, त्यांचा. दोन्ही टोकांना लोखंड आणि इथे बाजूला बारीकसं भोक. आतली सुताची कांडी संपली की दुसरी घालायची आणि तोंड लावून सूत या भोकातून ओढून घ्यायचं. सुताबरोबर तूसही पोटात जायचा. साचा, म्हणजे माग, बिघडतोय हे आजोबांना नुसत्या आवाजावरून कळायचं. त्या साच्याचं ड्रॉइंग मात्र त्यांनी जन्मात पाहिलं नाही.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली. भांडवल मुंबईचं, यंत्रं विलायतेची, आणि ती चालवणारे मास्तरही तिकडूनच बोटीने आलेले. हे मास्तर महाग पडायचे. तेव्हा इथेच माणूस तयार करावा, असं गिरणीमालकांना वाटलं तर नवल नाही. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, तिच्या नावाने व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, आधी भायखळ्याला, १९२३ पासून माटुंग्याला. आपलं आजचं व्हीजेटीआय. दिनशा पेटिटांसारख्या गिरणीवाल्यांनी सढळ हाताने पैसा दिला. सरकारनेही हातभार लावला. पण त्याच सरकारने १८९६ मध्ये इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची समजूत काढायला. एका हाताने शाळा, दुसऱ्या हाताने कर.

शाळा वाईट होती असं मी म्हणत नाही. तिथून चांगले एलएमई, म्हणजे यांत्रिकी शिकलेले पदविकाधारक, बाहेर पडले. पण आलेलं यंत्र नीट चालवणं ही एक विद्या आणि नवं यंत्र आखणं ही दुसरी. इथे मागणी पहिलीलाच होती. यंत्राचे कारखानेच नव्हते, तर आखणारा जाणार कुठे? आणि सगळा दोष साहेबावर टाकून मोकळंही होता येणार नाही. शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे साचेवाल्याचा मुलगा दारातच अडला. ज्यांना इंग्रजी येत होतं, त्यांच्या घरी कारकुनीला मान, हाताला तेल लागलं की नाकं मुरडायची!

या संस्थेतल्या एका मास्तरांची गोष्ट सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर. जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला आले, तर रंग नीट ओळखता येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, त्याला काळ्या रेघा पुरतात. ज्युबिलीत ते शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा जागा अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकली विकायला बसले!

पुढे लोखंडी नांगर केला. तर शेतकरी म्हणे, लोखंडाने जमीन नासते. पहिले नांगर बराच काळ विकलेच गेले नाहीत. १९१० मध्ये कारखान्याला माळरान मिळालं तेही ब्रिटिश मुलखात नव्हे, औंध संस्थानात. तिथे पाणी नव्हतं, निवडुंग मात्र भरपूर. मुंबईत शिकवलेलं ड्रॉइंग अखेर तिथे ओतकामाला लागलं.

हा धोटा आता तुमच्याकडे देतो, हातात घेऊन बघा. टोकाला जपा, अजून बोचतं.