मठारलेलं घंगाळ वेबपेजवर फिरवताना

[दृश्य: कसबा पेठ, तांबट आळी. तांब्याच्या पत्र्यावर हातोडा. ठोक्यांचा आवाज तसाच ठेवावा.]

निवेदन:
पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेची भांडी घडत आली आहेत. भांड्याला आकार आला की मठारकाम सुरू होतं. शेजारी-शेजारी पडणाऱ्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि अंगभर चकाकते खळगे उमटतात. गिऱ्हाईक भांडं हातात घेऊन फिरवतं, ते या खळग्यांवरून सरकणारा उजेड बघायला. फोटोत खळगे दिसतात, पण उजेड जागचा हलत नाही. विकायला वेबसाइट असेल, तर तिथे बोटानं फिरवता येणारं त्रिमितीय मॉडेल हवं.

[दृश्य: घंगाळाभोवती फिरणारा कॅमेरा; मग पडद्यावर ब्लेंडर.]

फोटो काढून मॉडेल बनवायची पद्धत, म्हणजे फोटोग्रामेट्री, इथे फसते. एकच ठिपका अनेक फोटोंत ओळखून सॉफ्टवेअर आकार काढतं. चकचकीत तांब्यावर दिसणारे ठिपके असतात खिडकीची, दिव्याची प्रतिबिंबं. कॅमेरा सरकला की तेही सरकतात, आणि तयार मॉडेलला पोचे नि भोकं पडतात. केळकर संग्रहालयातल्या कोरीव लाकडी दरवाजासारख्या वस्तूला हीच पद्धत उत्तम. घंगाळ मात्र ब्लेंडर या त्रिमितीय कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवलेलंच बरं.

तेही सोपं आहे. घंगाळाची उभी अर्धी कड काढायची, आतली आणि बाहेरची मिळून ४० बिंदूंची. स्क्रू मॉडिफायर या ब्लेंडरमधल्या सोयीनं ती ६४ टप्प्यांत गोल फिरवायची. मॉडेलची जाळी त्रिकोणांची असते; इथे जवळपास ५,००० झाले. कड्या वेगळ्या जोडायच्या. एवढ्या हलक्या जाळीला ड्रॅको कॉम्प्रेशनचा, म्हणजे जाळी दाबून फाईल लहान करण्याचा, उपद्व्याप नको. ते उलगडणारा डीकोडर ब्राउझरला वेगळा उतरवावा लागतो.

खळगे जाळीत कोरायचे नाहीत. त्यासाठी नॉर्मल मॅप: पृष्ठभाग कुठे किती कललाय हे रंगांत साठवणारं चित्र. ब्लेंडरमध्ये ते ‘नॉन-कलर’ ठेवावं लागतं, म्हणजे ते रंग नव्हे, आकडे म्हणून वाचलं जातं. ब्लेंडरच्या नोड्समधून तयार केलेली नक्षी निर्यातीत येत नाही, ती आधी चित्रात बेक करावी, म्हणजे उतरवून घ्यावी लागते. आणखी एक हमखास घोळ असा: डायरेक्टएक्स (मायक्रोसॉफ्टची ग्राफिक्स प्रणाली) पद्धतीचा नॉर्मल मॅप वापरला, तर हिरवा चॅनल उलटा पडतो आणि सगळे खळगे फोडांसारखे वर येतात. ही फाईल जेपेगमध्येही नको. चौकोनी डाग पडतात आणि चकाकीत नेमके तेच दिसतात.

[दृश्य: एकच मॉडेल, दोन रंगांत.]

तांब्याचा रंग बहुतेक जण चुकवतात. डोळ्यांना तांबं गडद दिसतं, म्हणून गडद तपकिरी निवडला जातो आणि भांडं चुलीवरून उतरवल्यासारखं काळवंडतं. धातूला स्वतःचा असा पसरट रंग नसतो. तो आजूबाजूचा उजेड आपल्या छटेनं रंगवून परत पाठवतो. म्हणून मेटॅलिक (धातूपणा) १, रफनेस (खरखरीतपणा) ०.२५च्या आसपास, आणि मूळ रंग फिका, गुलाबीसर. आत कल्हई असलेल्या पातेल्याला आतून दुसरं, रुपेरी मटेरियल द्यायचं. प्रतिबिंब पडायला परिसरही लागतो. त्यासाठी परिसराचं एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारं चित्र द्यावं. उघड्या दारातून उजेड येणारी खोली सपाट आभाळापेक्षा किती तरी चांगली.

निर्यात जीएलबीमध्ये, मॉडिफायर लागू करून. ग्राफिक्सची मानकं ठरवणाऱ्या क्रोनोस ग्रुपनं २०१७ साली आणलेल्या जीएलटीएफ २.० या स्वरूपाचं हे एका फाईलीतलं रूप. जाळी, चित्रं, मटेरियल सगळं आत.

आता टेक्स्चरचा, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रांचा हिशोब. ४०९६ × ४०९६ चं एक चित्र डिस्कवर दोन-तीन एमबी दिसेल, पण ग्राफिक्सच्या मेमरीत ते दर पिक्सेलला ४ बाइट घेतं, म्हणजे ६४ एमबी. मिपमॅप, म्हणजे त्याच चित्राच्या लहान-लहान प्रती, धरल्या की आणखी एक तृतीयांश. अशी तीन चित्रं म्हणजे २५६ एमबी, आणि स्वस्त मोबाईलवर टॅब गळपटतो. २०४८ला हाच आकडा चौपट उतरतो. फोनवरच्या घंगाळाला तेवढं भरपूर.

[दृश्य: कोड एडिटर, शेजारी ब्राउझर.]

पानावर बसवायला गूगलचा ‘मॉडेल-व्ह्यूअर’ हा मुक्त घटक पुरतो. त्याची स्क्रिप्ट ‘मॉड्यूल’ प्रकारानं जोडायची, मग टॅगमध्ये फाईलचा पत्ता, ‘कॅमेरा-कंट्रोल्स’ (बोटानं फिरवायची सोय), ‘पोस्टर’ आणि ‘ऑल्ट’ (शब्दांतलं वर्णन). सीएसएसमध्ये रुंदी-उंची द्यायला विसरलात, तर ३०० बाय १५० पिक्सेलच्या खिडकीत घंगाळ वाटीएवढं दिसेल. पोस्टर म्हणजे मॉडेल उतरेपर्यंतचं स्थिर चित्र; ते मॉडेलच्या सुरुवातीच्या कोनातूनच घ्यावं, नाहीतर भांडं उडी मारतं. आपोआप फिरवण्याचा मोह टाळा. बघणाऱ्याला कड बघायची असते आणि ती निसटत राहते.

माउसचं चाक पान सरकवण्याऐवजी मॉडेल मोठं करत बसलं, तर ‘डिसेबल-झूम’. मोबाईलवर ‘टच-ॲक्शन’ला ‘पॅन-वाय’ दिलं की बोट वर-खाली नेल्यावर पान सरकतं, आडवं नेल्यावर भांडं फिरतं.

पान कोरं दिसतंय? एचटीएमएल फाईलवर डबल-क्लिक करून उघडली असेल, तर ब्राउझर मॉड्यूल अडवतो. पायथनचा साधा सर्व्हर चालवा आणि लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच संगणकावर, पोर्ट ८०००ला बघा. घरी चालतं, सर्व्हरवर नाही? फाईलनावातली कॅपिटल अक्षरं तपासा. विंडोज ती सोडून देतं, लिनक्स नाही. मॉडेल दुसऱ्या डोमेनवर असेल, तर त्या सर्व्हरनं कॉर्स, म्हणजे दुसऱ्या डोमेनच्या पानाला फाईल वापरू देण्याची परवानगी द्यायला हवी. ब्राउझरचा कन्सोल उघडलात की यातलं काय झालंय ते लाल अक्षरांत लिहिलेलं असतं.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर, न्हाणीघराच्या फरशीवर घंगाळ.]

‘एआर’ (ऑगमेंटेड रिॲलिटी) हा शब्द टॅगमध्ये घातला, की चालणाऱ्या फोनवर भांडं आपल्याच घरात ठेवून बघता येतं. आयफोनला यूएसडीझेड या स्वरूपाची फाईल लागते. वेगळी दिली नाही, तर घटक ती जीएलबीवरून स्वतः तयार करतो. जीएलटीएफचं माप मीटरमध्ये असतं. ब्लेंडरमध्ये सेंटीमीटर समजून ५० एकक काढलेलं घंगाळ इथे ५० मीटरचं होतं. ते ठेवायला पर्वतीचा उतार शोधावा लागेल. ०.५ एकक करा, स्केल लागू करा आणि पुन्हा निर्यात करा.