कोलू पाटलाचा तलाव

श्रोतेहो, नमस्कार.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांध नावाचे एक गाव आहे. पूर्व विदर्भात नवेगाव या नावाची गावे पुष्कळ सापडतील. पण या एका गावाच्या नावाला ‘बांध’ हा शब्द कायमचा चिकटला, आणि तो अगदी सार्थ आहे. या गावाचे शेत, त्याची मासळी, त्याचा देव आणि आजची त्याची प्रसिद्धी, हे सारे एका बांधामुळे अडलेल्या पाण्यावर उभे आहे. आजच्या भाषणात मी त्या पाण्याविषयी, आणि ते अडवणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे.

प्रथम जमीन समजून घेऊ. हा प्रदेश वैनगंगेच्या खोऱ्यातला. वर्षाकाठी येथे बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्यातील किंवा नगर-सोलापूरकडील शेतकऱ्याला हेवा वाटावा इतका. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि खाली खडक कठीण असल्यामुळे पाणी जमिनीत फारसे न मुरता उतारावरून वाहून जाते. येथील मुख्य पीक धान. पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकणे, मग चिखलणी करून रोवणी करणे आणि पुढे बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचरात, पाणी धरून ठेवणे, अशा क्रमाने हे पीक वाढते. त्यातही पाऊस परतीला लागल्यानंतर, धान निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, सुमारास, जर बांधी कोरडी पडली, तर लोंब्या पोचट राहतात आणि चार महिन्यांची मेहनत वाया जाते. एका पाण्याने पीक हुकते, असे धानाच्या मुलखात म्हणतात ते याच दिवसांना उद्देशून. तेव्हा भरपूर पावसाच्या या प्रदेशात तलाव का बांधावे लागले, याचे उत्तर त्या शेवटच्या एका पाण्यात आहे.

नवेगावभोवती डोंगर आहेत. फार उंच नाहीत, पण दाट झाडीचे आहेत. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह अशी झाडे त्यांच्यावर आहेत. हे डोंगर असे उभे आहेत की त्यांच्यामध्ये एक मोठे खोलगट भांडे तयार झाले आहे, आणि त्या भांड्याच्या काठाला काही ठिकाणी खिंडी आहेत. या खिंडी नसत्या तर तेथे निसर्गतःच सरोवर झाले असते. खिंडी होत्या म्हणून पावसाचे पाणी त्यांतून निघून जात असे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील नावाच्या कोहळी पाटलाने या खिंडी मातीच्या पाळी घालून बुजवल्या आणि पाणी अडवले. शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी गॅझेटिअरने या तलावाचे क्षेत्र पाच चौरस मैल, परीघ सतरा मैल आणि सर्वांत खोल जागी पाणी नव्वद फूट अशी नोंद करून ठेवली आहे. आज तलावाचे क्षेत्र साधारण अकरा चौरस किलोमीटर सांगतात. मध्यभागी मालडोंगरी नावाचे बेट आहे. तलाव होण्यापूर्वी तीही एक टेकडीच होती.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पाण्याच्या विस्ताराच्या मानाने येथल्या पाळी लहान आहेत. नव्वद टक्के काम डोंगरांनी आधीच करून ठेवले होते, असे म्हटले तरी चालेल. पण उरलेले दहा टक्के नेमके कोठे आहे, हे ओळखण्यात सगळी विद्या होती. कोणत्या खिंडीतून किती पाणी जाते, पाळ कोणत्या रेषेत घातली तर कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी राहील, भर पावसात जादा पाणी पाळीवरून न उसळता कोणत्या कठीण जागेवरून सुरक्षित निघून जाईल, हे सारे त्या माणसांनी कोणत्याही मोजणी-यंत्राशिवाय, पावसाळ्यात पाण्याच्या वाटा पाहून आणि उन्हाळ्यात त्याच वाटा पायांखाली घालून ठरवले. मातीची पाळ तीनशे वर्षे टिकते याचा अर्थ हाच, की ती घालणाऱ्याला पाण्याचा स्वभाव कळला होता.

कोहळी ही तलाव बांधणाऱ्यांची आणि ऊस पिकवणाऱ्यांची जात. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तेथल्या लोकांचे पाणी अडवण्याचे कसब पाहून त्याने त्यांना आपल्या राज्यात आणले, अशी परंपरा त्यांच्यात सांगितली जाते. परंपरेतील तपशील बाजूला ठेवले तरी एक गोष्ट इतिहासात पक्की आहे, ती म्हणजे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला आणि तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन सवलतीने देण्याची पद्धत त्यांनी घातली. तलाव बांधण्याची हौस प्रजेत पसरावी यासाठी राजाला स्वतःच्या खजिन्यातून बांधकामे काढण्याची गरज नव्हती. पाणी अडवील त्याला पाण्याखालची जमीन मिळेल, एवढे आश्वासन पुरेसे होते. त्याचा परिणाम असा झाला, की आज नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुने तलाव मोजले जातात. छोट्या तळ्याला येथे बोडी म्हणतात, आणि या बोड्या तर या संख्येच्या बाहेरच्या. वरच्या तलावाचा सांडवा वाहू लागला की ते पाणी खालच्या तलावात, तो भरला की त्याच्या खालच्या तलावात, अशी साखळी कित्येक गावांतून गेलेली आहे. नवेगावचा तलाव हा त्या साखळ्यांतला सर्वांत देखणा आणि सर्वांत मोठ्यांपैकी एक.

कोलू पाटलाला गावाने देव केले. तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्याचे ठाणे आहे आणि तेथे तो कोलासूर देव या नावाने पुजला जातो. भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. या सात बहिणींनी, म्हणजे सात देवींनी, तलाव बांधताना कोलू पाटलाला मदत केली, अशी श्रद्धा आहे. मला या कथेत फार मोठा अर्थ दिसतो, आणि तो ओढूनताणून काढावा लागत नाही. पाणी अडवण्याचे बहुतेक काम डोंगरांनी केले, हे भूगोलाचे सत्य गावाने सात बहिणींच्या कथेत जपले आहे. आणि उरलेले काम एका माणसाने केले, हे इतिहासाचे सत्य कोलासुराच्या ठाण्यात जपले आहे. आपल्याकडे राजांचे आणि सरदारांचे पुतळे पुष्कळ आहेत. माती वाहून पाळ घालणाऱ्या पाटलाला देवत्व देणारी गावे मात्र मोजकीच असतील.

पुढचा इतिहास तितका सुखाचा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे आला. १८६० च्या दशकातील जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे गावाचा वसूल गोळा करणाऱ्यांना, गावाचे मालक ठरवले. त्याबरोबर तलावही त्यांच्या मालकीचे झाले, म्हणूनच या तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. तरीसुद्धा रयतेचे पाण्यावरचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावच्या रिवाजांच्या नोंदपुस्तकात लिहिलेले असत: कोणाच्या बांधीला कोणत्या क्रमाने पाणी मिळायचे, गुरांना पाणी कोठे पाजायचे, तलावाची दुरुस्ती कोणी करायची. उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातला गाळ बैलगाड्यांनी शेतांत नेला जाई. तलाव खोल राही आणि शेताला खत मिळे. पाणी वाटण्यासाठी पाणकर नेमलेला असे आणि त्याचा मोबदला धानाच्या रूपाने दिला जाई.

१९५१ साली मालगुजारी रद्द झाली. हा निर्णय न्यायाचाच होता, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु त्याबरोबर तलाव सरकारजमा झाले आणि दुरुस्तीची जुनी व्यवस्था मोडली. कालांतराने शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या हक्क होता, त्याच पाण्याची पट्टी भरा म्हटल्यावर शेतकरी बिथरले, आणि वसूल होत नाही म्हणून दुरुस्तीला पैसा नाही, अशी अडवणूक दोन्ही बाजूंनी सुरू झाली. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून लोक या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. नाव आपुलकीचे आहे, पण तलावांच्या वाट्याला आपुलकी कमी आली. कित्येक ठिकाणी गाळ साचला, काठाला बेशरम या रानटी वनस्पतीची झुडपे माजली आणि तलावाच्या उथळ झालेल्या पोटात अतिक्रमणाची शेती उभी राहिली. नवेगावचा तलाव मोठा आणि डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे त्यातून बराच वाचला. त्याच्या धाकट्या भावंडांचे तसे झाले नाही.

तरी या तालुक्यातूनच एक आशेची गोष्टही सांगता येते. तलावाच्या मासळीवर जगणारा समाज म्हणजे ढिवर. तलावात रोहू, कटला, मृगळ या झपाट्याने वाढणाऱ्या माशांचे बीज सोडण्याची पद्धत आली, आणि मरळीसारखे गावठी मासे मागे पडत गेले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ढिवर बांधवांनी आणि भगिनींनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने काही तलावांतील बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरणी केली आणि तेथे पूर्वी उगवणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना त्या वनस्पती ओळखू येत होत्या, कोणत्या माशाला कोणत्या वनस्पतीचा आसरा लागतो हेही ठाऊक होते. मासे परतले, आणि माशांच्या मागोमाग पक्षीही आले.

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे, तर नवेगावच्या हिवाळ्याविषयी बोलले पाहिजे. १९७५ साली तलावाभोवतीच्या जंगलाचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव व नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघ-बिबट्यांच्या आशेने येणारे पर्यटक पुष्कळ असतात, आणि त्यांनी यावेच. पण माझी विनंती अशी, की त्यांनी एक सकाळ पाळीवर बसून काढावी. तलवार बदके, चक्रवाक, अडई यांचे थवे पाण्यावर असतात, काठच्या वनस्पतींत जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी वावरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंसही या भागातील तलावांवर उतरतात. त्यांचा उन्हाळा तिबेट-मंगोलियाच्या पठारांवर जातो. याच तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. त्यांच्या मायभूमीवर उन्हाळा घालवणारा हंस हिवाळ्यात त्यांच्या नव्या घराजवळ उतरतो, हे मनात आले की मला नेहमी गहिवरून येते.

सारस मात्र पाहुणा नव्हे, तो येथला रहिवासी. महाराष्ट्रात आज सारस पक्षी टिकून आहे तो मुख्यतः गोंदिया आणि त्याला लागून असलेल्या भंडारा भागातच. तो घरटे करतो ते राष्ट्रीय उद्यानाच्या आत नव्हे, तर शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत किंवा बोडीच्या काठी. म्हणून त्याचे जगणे शेतकऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. घरट्याभोवतीचे धान न कापता ठेवणारा शेतकरी थोडे उत्पन्न सोडतो, आणि ते सोडणारे शेतकरी येथे आहेत.

ज्यांना जाऊन पाहायचे असेल त्यांच्यासाठी सांगतो. गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर देऊळगाव हे जवळचे स्टेशन आहे. पूर्वी येथे नॅरोगेजची छोटी गाडी धावत असे, आता ब्रॉडगेज आहे. गावातून चालत पाळीवर जावे. एका हाताला डोंगरांपर्यंत पसरलेले पाणी दिसते आणि दुसऱ्या हाताला, पाळीच्या खाली, धानाच्या बांध्या. ऑक्टोबरचा महिना असेल, तर पाळीतल्या मोरीतून सुटलेले पाणी पाटाने खाली जाताना दिसेल, आणि एका बांधीचे पाणी भरले की शेतकरी फावड्याने तिचे तोंड बंद करून शेजारच्या बांधीचे तोंड उघडताना दिसेल. धान तेव्हा निसवलेला असतो.

नमस्कार.