गोठलेल्या जमिनीचा जमाखर्च

श्रोतेहो, नमस्कार.

सलग दोन वर्षं तरी ज्या जमिनीचं तापमान शून्य अंशाच्या वर गेलेलं नाही, ती पर्माफ्रॉस्ट. उत्तर गोलार्धातल्या अशा प्रदेशांच्या मातीत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन साठला आहे. हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट.

उत्तर अलास्कात ऑगस्टमध्ये पातळ लोखंडी सळई जमिनीत खुपसली, की ती शेवाळातून, काळ्या पीटमधून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून, सहज उतरते आणि बहुतेक जागी हात-दीड हातावर टक्कन थांबते. खाली बर्फ. वरचा हा वितळलेला थर म्हणजे जंतूंचं स्वयंपाकघर. कोरड्या उंचवट्यांवर ऑक्सिजन पोचतो, तिथं कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाणी साचलेल्या चरांत ऑक्सिजन नसतो, तिथं मिथेन तयार होतो. वर येताना बराचसा मिथेन दुसरे जंतू खाऊन टाकतात. पण कॉटनग्रास या ओल्या जागी वाढणाऱ्या गवतासारख्या वनस्पतीच्या पोकळ देठांतून निघालेला वायू त्यांना चुकवून थेट हवेत जातो.

मोजणीसाठी मातीत रोवलेल्या कड्यावर पारदर्शक पेटी ठेवतात. उजेडातलं माप म्हणजे कार्बन डायऑक्साइडची निव्वळ देवाणघेवाण. मग पेटीवर काळं कापड टाकायचं, म्हणजे नुसतं श्वसन कळतं. दोन्हींतला फरक हे प्रकाशसंश्लेषण. कडं आयत्या वेळी रोवलं तर मुळं तुटतात. शेजारी पाय पडला तर बुडबुडे फुटतात आणि माप फुकट जातं. म्हणून फळ्यांच्या वाटेवरूनच चालायचं.

सगळ्यात मोठी चूक मात्र फक्त उन्हाळा मोजण्याची. शरद ऋतूत वरून थंडी उतरते, खालून पर्माफ्रॉस्ट गोठवत येतो, पण मधला ओला थर आठवडेच्या आठवडे शून्यावर अडून राहतो. कारण प्रत्येक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं. तेवढा काळ जंतू काम करत असतात आणि वर झाडं मात्र झोपलेली. अलास्कातल्या पाच ठिकाणच्या मोजणीत वर्षभराच्या मिथेनपैकी निम्मा किंवा अधिक सप्टेंबर ते मे या काळात सुटल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. वहीतली थंडीची पानं कोरी ठेवून हिशेब जुळेल कसा?

आगीचा खर्च वेगळाच. २००७ मध्ये अलास्कातल्या अनाक्टुवुक नदीकाठी सुमारे १,००० चौरस किलोमीटर टुंड्रा जळला, सुमारे २१ लाख टन कार्बन गेला. शेवाळाची गोधडी जळाल्यावर ऊन थेट काळ्या मातीवर पडतं, सळई अधिक खोल जाते, आणि जिथं खाली बर्फाच्या पाचरी असतात तिथं जमीन खचून नवी डबकी तयार होतात.