मालिका गोमोराची, सिनेमा झीरोचा

(दृश्य: सुकागावा शहर. रस्ता, फुटपाथवरचे पुतळे.)

जपानच्या फुकुशिमा प्रांतातलं हे सुकागावा. इथल्या फुटपाथवर पुतळे आहेत ते असे. हा गोमोरा, जपानी टीव्हीवरचा राक्षस. तो तिकडचा, डोक्यावर अँटेनासारखी शिंगं असलेला, एलेकिंग. एइजी त्सुबुराया १९०१ मध्ये याच गावात जन्मले. १९५४ चा गॉडझिला पडद्यावर चालवला तो त्यांनी, आणि पुढे १९६३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. गावाला त्यांचा अभिमान इतका, की २०१३ मध्ये सुकागावाने अल्ट्रामॅनच्या, म्हणजे त्या कंपनीच्या मालिकांमधल्या राक्षसांशी लढणाऱ्या महाकाय नायकाच्या, मूळ ग्रहाशी, एम-७८ तेजोमेघातल्या 'प्रकाशाच्या देशा'शी, रीतसर भगिनी-शहराचं नातं जोडलं. परग्रहाशी नातं जोडणाऱ्या नगरपालिका जगात फार नसाव्यात.

पण आपण कॅमेरा अल्ट्रामॅनवर नेणार नाही. गोमोरापाशीच थांबू. त्याच्यासारख्या राक्षसांना पुढे करणारी एक मालिका निघाली आणि तिचा सिनेमा झाला, त्याची ही गोष्ट.

(दृश्य: गोमोराचा पुतळा जवळून. शिंगं, नाक, शेपूट.)

ही शिंगं नीट बघा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखी वळलेली. चित्रकार-शिल्पकार तोरु नारिता यांनी ती घेतली कुरोदा नागामासा या जुन्या सरदाराच्या शिरस्त्राणावरून. नारितांनी कागदावर काढायचं आणि र्योसाकु ताकायामांनी आपल्या कारखान्यात त्याला अंग द्यायचं, अशी ती जोडी. आत फोम, वर रबराची कातडी, आणि या सगळ्याच्या पोटात एक माणूस. स्टुडिओच्या दिव्यांखाली घामाने निथळणारा, मानेजवळच्या भोकांतून जेमतेम समोरचं बघणारा, आणि मागे ती मणभर शेपूट ओढणारा.

हा गोमोरा टीव्हीवर आला जानेवारी १९६७ मध्ये, 'अल्ट्रामॅन' मालिकेच्या २६ आणि २७ व्या भागांत. बेटावर निवांत होता बिचारा. माणसांनी त्याला बेशुद्ध केलं आणि ओसाकाच्या प्रदर्शनात मांडायला हवेतून घेऊन निघाले. औषधाचा असर वाटेतच उतरला. घाबरून त्यांनी त्याला वरूनच सोडून दिला. त्यानंतर त्याने ओसाकाचा किल्ला पाडला, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आधी काय झालं ते फारसं कुणी बोलत नाही.

(दृश्य: कृष्णधवल आणि जुनी रंगीत छायाचित्रं. सेटवरची लहान घरं, विजेचे खांब.)

त्या काळी दर आठवड्याला नवा राक्षस लागायचा, आणि पैसा तर ठरलेलाच. मग एक सूट किती वेळा वापरायचा? १९६५ मध्ये तोहो या सिनेकंपनीच्या एका सिनेमासाठी बारागॉन नावाच्या राक्षसाचा सूट झाला होता. तो त्सुबुरायांकडे आला आणि डोकं-पाठ बदलत बदलत 'अल्ट्रामॅन'मध्ये नेरोंगा झाला, मागुलार झाला, गाबोराही झाला. दहाव्या भागातला जिरास तर साक्षात गॉडझिला. मानेभोवती पिवळा पंखा बसवला, झाला नवीन राक्षस! मारामारीत अल्ट्रामॅन तो पंखा उपटून काढतो, आणि दोन मिनिटं आपण चक्क अल्ट्रामॅन विरुद्ध गॉडझिला बघत असतो. शेवटी जिरास पडतो. अल्ट्रामॅन तोच पंखा उचलून त्याच्या अंगावर पांघरतो.

मालिका मुलांची होती, पण मेलेल्या राक्षसाचं काय करायचं, याचा विचार ती करायची. ३५ व्या भागात तर विज्ञान-गस्त, हे राक्षसांशी लढणारं माणसांचं पथक, आजवर मारलेल्या राक्षसांसाठी प्रार्थना ठेवतं. फोटो मांडलेले, भिक्षू मंत्र म्हणतोय, आणि गणवेशातली मंडळी हात जोडून बसलेली. त्याच भागात कळतं, की अंतराळात एक राक्षसांचं स्मशान आहे. मारलेले सगळे तिथे तरंगत असतात. तिथून चुकून पृथ्वीवर पडलेला सीबोझू नावाचा सांगाड्यासारखा राक्षस कुणाला काही करत नाही. त्याला फक्त घरी जायचं असतं. दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी. हे स्मशान लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा तिथे जायचंय.

(दृश्य: तोक्यो. सोशिगाया-ओकुरा स्टेशन. अल्ट्रामॅनचा पुतळा, बाजारपेठेतले दिवे.)

तोक्योच्या सेतागाया भागातलं हे सोशिगाया-ओकुरा स्टेशन. इथून जवळच किनुता भागात त्सुबुराया कंपनीचं बस्तान होतं. म्हणून स्टेशनबाहेर हा पुतळा, बाजारात अल्ट्रामॅनच्या डोक्याच्या आकाराचे दिवे, आणि फलाटावर गाडीच्या वेळी वाजणारी धून, तीही मालिकेचीच. बाजार अजून गजबजलेला आहे. कंपनी मात्र २००८ मध्ये इथून गेली.

त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, कंपनी त्सुबुराया कुटुंबाच्या हातून सुटली होती. कर्ज झालं होतं. जाहिरातपट बनवणाऱ्या टीवायओ या कंपनीने ती विकत घेतली. आणि त्याच वर्षी बानदाई या खेळणी कंपनीने मुलांसाठी एक खेळ आणला. मशीनमध्ये नाणं टाकायचं, राक्षसाचं कार्ड मिळवायचं, आणि दुसऱ्याच्या राक्षसाशी लढवायचं. त्या खेळावरून मालिका निघाली, 'अल्ट्रा गॅलक्सी: मेगा मॉन्स्टर बॅटल'. डिसेंबर २००७ पासून बीएस-११ या उपग्रह वाहिनीवर, १३ भाग.

(दृश्य: मालिकेतली स्थिरचित्रं. ओसाड ग्रह, गोमोरा, लिट्रा, एलेकिंग.)

या मालिकेत अल्ट्रामॅन जवळजवळ नाहीच. नायक रेई. कुठून आला, कोण आहे, त्यालाही आठवत नाही. हातात बॅटल नायझर नावाचं यंत्र आणि त्यात तीन राक्षस: गोमोरा, लिट्रा आणि एलेकिंग. लिट्रा १९६६ च्या 'अल्ट्रा क्यू'च्या पहिल्या भागातला, गोमोरा 'अल्ट्रामॅन'मधला, एलेकिंग १९६७ च्या 'अल्ट्रासेव्हन'मधला. म्हणजे पहिल्या तीन मालिकांमधून एकेक. ज्यांना चाळीस वर्षं मारलं, ते आता आपल्या बाजूने.

काटकसर लपत नाही. ग्रह ओसाड, त्यामुळे पाडायला शहर उभारायची गरज नाही. राक्षस सगळे ओळखीचे. टीकाकार याला गरिबी म्हणतील. मला विचाराल, तर या कंपनीचं बरंचसं चांगलं काम असंच अडचणीत झालंय. खर्च वाचवायला राक्षसांना पुढे केलं, आणि त्यातून पहिल्यांदाच असं झालं, की गोमोरा पडला की मुलांच्या जिवाला लागायचं.

दुसरं पर्व आलं. मग ठरला सिनेमा.

(दृश्य: सिनेमाची पोस्टर्स. हिरव्या पडद्यासमोरचं चित्रीकरण.)

१२ डिसेंबर २००९. वॉर्नर ब्रदर्सने जपानभर प्रदर्शित केला: 'मेगा मॉन्स्टर बॅटल: अल्ट्रा गॅलक्सी लेजेंड्स'. दिग्दर्शक कोइची साकामोतो. जपान सोडून अमेरिकेला गेलेला स्टंटमन, 'पॉवर रेंजर्स'ची कितीतरी वर्षं त्याच्या हाताखाली गेलेली, तीही बरीचशी न्यूझीलंडमध्ये. मारामारी हा त्याचा प्रांत, आणि ते पहिल्या रिळापासून दिसतं.

आता हे चित्रीकरण बघा. मागे हिरवा पडदा, नटाला तारा बांधलेल्या. सूट घातलेला माणूस हवेत गिरकी घेतो आणि भिंत, आकाश, स्फटिकांचं शहर हे सगळं नंतर संगणकावर भरतात. जुन्या पद्धतीत कॅमेरा जास्त वेगाने फिरवायचे, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ दिसायची. राक्षस पडला की धूळ सावकाश उठायची, घराची कौलं सावकाश घसरायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं, हा खरंच चाळीस मीटर उंच आहे. साकामोतोच्या अल्ट्रामॅनना तेवढा वेळ नाही. लाथ, कोलांटी, पुन्हा लाथ. चपळाई आली, वजन गेलं. झीरो या सिनेमातल्या तरुण अल्ट्रामॅनला ते शोभतं, हेही खरं. गोमोराला नाही.

कथा थोडक्यात. बेलियाल हा अल्ट्रा जमातीतलाच, सत्तेच्या हावेपायी बिघडलेला. तुरुंगातून सुटतो, प्रकाशाच्या देशाची ऊर्जा, प्लाझ्मा स्पार्क, पळवतो आणि सगळा देश गोठून जातो. उरलेले मोजके अल्ट्रामॅन, रेई आणि त्याची माणसं त्याच्या मागावर निघतात. आणि लढाईची जागा? राक्षसांचं स्मशान. तेच.

(दृश्य: स्मशानातल्या लढाईची स्थिरचित्रं.)

बेलियालच्या हातात गिगा बॅटल नायझर, रेईच्या यंत्राचाच मोठा भाऊ. तो उगारतो आणि शंभर राक्षस उठून उभे राहतात. ज्यांच्यासाठी १९६७ मध्ये प्रार्थना झाली होती, त्यांना इथे भाडोत्री फौज म्हणून उभं केलंय. एकेका राक्षसाच्या वाट्याला काही सेकंद, एक ठोसा. चौकट थांबवून मोजत बसलं तरच कोण कोण होतं ते कळतं. थांबवा, जरूर थांबवा. सुटांचं काम बघण्यासारखं आहे.

मधेच बेलियाल रेईलाच वश करतो आणि गोमोरा आपल्याच लोकांवर उलटतो. सगळ्या सिनेमात मालिकेचं नातं सांगणारा खरा प्रसंग हा. रेईच्या पथकाचा कॅप्टन ह्युगा रेईला हाका मारत राहतो. हिरोयुकी कोनिशी या नटाने ते छान केलंय, आवाज फार न चढवता.

मग येतो झीरो. 'अल्ट्रासेव्हन' मालिकेच्या नायकाचा मुलगा. प्लाझ्मा स्पार्कला हात घालायला गेला म्हणून देशाबाहेर काढलेला, अंगावर जड चिलखत चढवून अल्ट्रामॅन लिओच्या हाताखाली तालीम घेत असलेला. आवाज मामोरु मियानोचा. येतो काय, शंभर राक्षसांतून वाट काढतो काय, सिनेमा खिशात घालतो. पुढे सगळे राक्षस आणि बेलियाल मिळून डोंगराएवढा एकच देह होतो. तेव्हा रेई बॅटल नायझरने आतल्या राक्षसांमध्ये फूट पाडतो, आणि म्हणून झीरोचा वार बसतो. पोस्टरवर कोण ठळक आहे, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

अल्ट्रा जमातीतल्या वडीलधाऱ्या अल्ट्रामॅन किंगचा आवाज ओळखीचा वाटला असेल, तर बरोबर. ते जुनिचिरो कोइझुमी आहेत. २००१ ते २००६ जपानचे पंतप्रधान.

(दृश्य: सुकागावातलं त्सुबुराया संग्रहालय. काचेआडचे नमुने.)

सिनेमाचं पुढे काय झालं? झीरो चालला, वर्षभरात त्याचा पुढचा सिनेमा आला. २०१० मध्ये फील्ड्स या पाचिंकोच्या, म्हणजे जुगारासारख्या मशीन-खेळाच्या, व्यवसायातल्या कंपनीने त्सुबुराया घेतली. २०१३ पासून अल्ट्रामॅनच्या टीव्ही मालिकांची गाडी पुन्हा रुळावर आली, आणि २०१७ मध्ये तर बेलियालच्या मुलाची स्वतंत्र मालिका झाली.

हे संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं. २०११ च्या भूकंपानंतर नव्याने बांधलेल्या 'तेत्ते' या नागरी केंद्राच्या पाचव्या मजल्यावर. पुढच्या वर्षी सुकागावातच जुनी मिनिएचर्स जपण्यासाठी वेगळं केंद्र झालं. रबर टिकत नाही. वर्षांनुवर्षांत कडक होतं, तडकतं, भुगा होतो. तारेचे खांब, विमानं, रणगाडे वाचवता येतात. राक्षसांची कातडी वाचवणं अवघड.

गोमोरा मात्र कामावर आहे. २०१५ च्या 'अल्ट्रामॅन एक्स'मध्ये तो पुन्हा नायकाच्या बाजूने लढला. त्या मालिकेत रेई नव्हता.