धोंडो : एका दगडाचं नाव

मंडळी, आज मी ज्या नावावर बोलणार आहे ते आता बारशाला कुणी सुचवत नाही. आजोबांचं हे नाव सांगायला नातवंडंही संकोचतात. ते नाव म्हणजे धोंडो.

धोंडा म्हणजे दगड. ज्या घरात एकामागून एक लेकरं दगावत, तिथे पुढच्या बाळाचं कौतुक उघडपणे करायची आईला भीती वाटे. मग कुणी बाळाला सुपात घालून केरावर ठेवी आणि दुसरीने उचलून आणल्याचं दाखवी. तो केरू. मूठभर कोंड्याला विकून परत घेतलेला कोंडिबा. भिकू आणि दगडू त्याच भीतीतून आले, आणि आपला धोंडूही. यमाला जणू सांगायचं, इथे मूल नाही, दगड पडलाय, पुढे जा. पण शिवेवरचा म्हसोबाही धोंडाच असतो, शेंदूर लावलेला. ऊन-पावसात टिकतो तो दगडच. आईच्या मनात हेही असणार, असं मला वाटतं.

नाव एकच, पण प्रत्यय माणसाची जात आणि पायरी सांगून जातो. शेतकऱ्याघरी धोंडिबा, भिक्षुकाघरी धोंडोपंत. सत्तावन्नच्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंतच. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो केशव. १८५८ साली जन्मले, १९६२ साली गेले. १०४ वर्षं! विधवांसाठी आश्रम आणि स्त्रियांचं विद्यापीठ उभं करणाऱ्या या माणसाची आठवण काढताना आपण महर्षी म्हणतो, अण्णासाहेब म्हणतो, धोंडो मात्र कागदावरच राहतो. जयपूर-अत्रौली घराण्याच्या, केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी हेच नाव घेऊन आयुष्यभर गायल्या.

इथे एक फरक नीट समजून घ्या. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली गेली. त्यांची नावं होती नकोशी, नकुसा. वरवर पाहता धोंडू आणि नकुसा एकाच पंगतीतली वाटतात. मला ते अजिबात मान्य नाही. धोंडूला वाईट नाव दिलं ते तो हवा होता म्हणून. नकुसाच्या नावात जे लिहिलं होतं तेच घरच्यांच्या मनात होतं. ते नाव बदललं हे फार चांगलं झालं.

माझ्या पणजोबांचं नाव धोंडीराम. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, असं कसलं नाव? ते म्हणाले, त्यांच्या आधीची तिघं वाचली नाहीत. आमची वंशावळ मी पुढे नीट लिहून काढली, तेव्हा त्या तिघांना शोधलं. पाळण्यातच गेलेल्या मुलांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. ती तिघं होती, एवढं आमच्या घरात फक्त धोंडीराम या नावामुळे माहीत आहे.